बटणांची दहा पानं

मुजावर मॅडमनी माझ्यासमोर दोन कागद ठेवले आणि विचारलं, "यातलं कुठलं पान लोकांना आधी दाखवायचं, हे गूगल कशावरून ठरवतं?"

दोन वेबसाइटच्या पानांच्या त्या छापील प्रती होत्या. पहिल्यावर लिहिलं होतं की मूल तीन वर्षांचं होऊनही बोलत नसेल तर घाबरू नका, पाच वर्षांपर्यंत थांबा, तोवर कानात आमचं तेल घाला. खाली तेल मागवायचा फोन नंबर. दुसरं पान मॅडमचं स्वतःचं. त्यात त्यांनी लिहिलं होतं की मुलाला ऐकू येतंय का, हे लवकरात लवकर तपासून घ्या. भाषा शिकायची पहिली वर्षं एकदा निघून गेली की ती भरून काढणं फार अवघड जातं.

"मोबाइलमध्ये 'मूल बोलत नाही' असं टाकलं की हे तेलवालं सगळ्यात वर येतं," मॅडम म्हणाल्या. "माझं पासष्टावं. मी मोजत गेले."

ही दोन हजार पंधरा सालची गोष्ट. मी चोवीस वर्षांचा होतो आणि कोल्हापुरात एका लहानशा कंपनीत नोकरीला होतो. लोकांच्या वेबसाइट शोधयादीत वर आणून द्यायच्या, हे आमचं काम. नसीम मुजावर या शाहूपुरीत लहान मुलांचे कान तपासायच्या आणि ऐकू न येणाऱ्या मुलांना बोलायला शिकवायच्या. पंचवीस वर्षं त्यांचं हेच चाललं होतं. दुपारी पेशंट संपले की त्या रोज तासभर बसून, दोन बोटांनी, मराठीत टाइप करायच्या. अशी वीस पानं त्यांनी लिहिली होती. ती कुणी वाचत नव्हतं.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या ओठांवरच होतं. मी तेलाच्या पानाखालच्या रंगीत चौकोनांवर बोट ठेवलं. फेसबुक, ट्विटर, असे ओळीनं चार-पाच. त्यांच्या शेजारी आकडा होता, बारा हजार.

"शेअरची बटणं आहेत बघा. बारा हजार लोकांनी हे पान पुढं पाठवलंय. तुमच्या पानावर बटणंच नाहीत. ती बसवली की लोक शेअर करणार, आणि शेअर वाढले की पान वर जाणार."

"कशावरून?"

"सगळीकडं तसंच लिहिलंय, मॅडम."

"लिहिलंय ते राहू दे. कुणी तपासून बघितलंय?"

आमचे साहेब, अभिनंदन मगदूम, प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच सांगायचे आणि ऐकून ऐकून मीही तेच सांगायला लागलो होतो. खोटं सांगतोय असं मला कधी वाटलं नव्हतं. खरं आहे का, हे बघावं असंही वाटलं नव्हतं.

मॅडमनी पंचवीस वर्षं माणसांना "ऐकू येतंय का?" असं विचारलं होतं आणि उत्तरावर विसंबून न राहता आवाज लावून बघितला होता. त्यांनी तिथंच एका कोऱ्या कागदाचे वीस तुकडे केले, प्रत्येकावर आपल्या एकेका पानाचं नाव लिहिलं, घड्या घातल्या आणि स्टीलच्या डब्यात टाकून डबा हलवला.

"दहा चिठ्ठ्या काढा. त्या पानांवर बटणं बसवायची. उरलेल्या दहांवर नाही. आठ आठवडे दर सोमवारी वीसही पानं आपापल्या विषयाच्या शोधात कितव्या नंबरवर आहेत ते लिहून मला आणून द्यायचं."

"चिठ्ठ्या कशाला? मी निवडतो की चांगली दहा."

"म्हणूनच चिठ्ठ्या," त्या हसल्या. "तुम्ही निवडलीत तर बरी बरी पानं बटणांच्या वाट्याला जातील. मुद्दाम करणार नाही तुम्ही, पण होईल तसं. आणि एक लक्षात ठेवा, खाडे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बटणं सोडून कशालाही हात लावायचा नाही."

मी चिठ्ठ्या काढल्या. त्याच संध्याकाळी दहा पानांवर बटणं बसली.

पहिल्या सोमवारी काही फरक नव्हता. दुसऱ्या सोमवारी एक पान तीन नंबर वर गेलं होतं, दुसरं चार नंबर खाली आलं होतं, आणि त्यातलं वर गेलेलं पान बिनबटणाचं होतं. कागद मॅडमना देण्याआधी मी तो मगदूम साहेबांना दाखवला. साहेब तसे वाईट माणूस नव्हते. माझ्या वडिलांच्या आजारपणात त्यांनी मला पंधरा दिवस न विचारता सुट्टी दिली होती. त्यांनी कागद बघितला आणि खुर्ची पुढं ओढली.

"धैर्या, या बाई कोण आहेत ठाऊक आहे का तुला? सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, इथल्या सगळ्या वाचा-श्रवणवाल्यांच्या संघटनेच्या त्या सेक्रेटरी. चाळीस जण आहेत. दोन महिन्यांनी सांगलीला त्यांची वार्षिक सभा आहे. बाईंनी तिथं उठून सांगितलं की बटणांनी फरक पडतो, तर चाळीस जण आपल्या दारात येतात."

"पण फरक पडत नाही, साहेब."

"पडेल. तू जरा मदत कर." त्यांनी आवाज खाली केला नाही. त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. "बटणांच्या दहा पानांचे मथळे सुधार. यादीत जी निळी ओळ दिसते ती. पानावरचं काही बदलू नकोस, म्हणजे त्यांना दिसणार नाही. शेवटी पानं वर गेली की त्यांचंच भलं आहे ना?"

हे शेवटचं वाक्य मी फार वेळा मनात घोळवलं. त्यांचंच भलं. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मी मथळे बदलायला बसलो.

काय लिहायचं ते मला शोधावं लागलं नाही. दोन सोमवार मी मॅडमच्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसलो होतो आणि शेजारच्या आयांचं बोलणं कानावर पडलं होतं. मॅडमनी मथळा दिला होता, 'श्रवणदोषाचे लवकर निदान'. मी केला, 'हाक मारली तरी बाळ वळून बघत नाही?' 'वाचाविकासातील विलंब' याचं केलं, 'तीन वर्षांचा झाला, अजून आईसुद्धा म्हणत नाही'. असे दहा. पाऊण तासात काम झालं.

पाचव्या सोमवारी बटणांची पानं चाळिशीत आली. सहाव्या सोमवारी विशीत. बिनबटणांची होती तिथंच, साठ-सत्तरच्या आसपास.

मॅडमनी तो कागद दोनदा वाचला. मग चहा मागवला, खारीची पिशवी उघडली आणि माझ्यासमोर धरली.

"म्हणजे मी चुकले," त्या म्हणाल्या. इतक्या आनंदानं स्वतःची चूक सांगणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. "मला वाटलं होतं हे सगळं थोतांड असणार. बरं झालं बघितलं. सभेत मला अर्धा तास दिलाय. हाच कागद दाखवते. नुसतं माझंच नको, चाळीस जणांची पानं वर येऊ देत. त्या तेलवाल्याला खाली ढकलू."

मी खारी चहात बुडवली आणि ती कपातच मोडून पडली. चाळीस जण बटणं बसवणार होते. चाळीस जणांची पानं जिथं होती तिथंच राहणार होती. आणि बटणं बसवली म्हणजे काम झालं, असं समजून प्रत्येक जण स्वस्थ बसणार होता. हे मला तिथं बसल्या बसल्या कळलं. तरी मी कप धुवायला ठेवून निघून आलो.

सातव्या सोमवारी मी गेलो तेव्हा मॅडम तपासणीत होत्या. त्यांनी मला आत बोलावलं. "या, बसा. दहा मिनिटं. बोलायचं नाही फक्त."

तपासणीची खोली दोन भागांत होती. मधे जाड काच. अलीकडे मॅडम आणि त्यांचं यंत्र; पलीकडे, आवाज आत-बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना गादीसारखं अस्तर लावलेली खोली. तिथं एक बाई साडेतीन वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. गडहिंग्लजकडची. नाव राजश्री, मुलाचं नाव शंभू. शंभू कानावर काही घालू देत नव्हता, म्हणून आवाज खोलीतल्या स्पीकरमधून सोडायचा होता. आवाज आला की शंभूनं हातातली रंगीत कडी समोरच्या खुंटीत घालायची. खेळच तो.

मॅडमनी मोठा आवाज सोडला. शंभूनं कडी घातली. थोडा लहान सोडला. घातली. आणखी लहान. घातली. शेवटी इतका बारीक आवाज की मॅडमनी यंत्राला जोडून मला दिलेल्या इयरफोनमध्ये तो मला जेमतेम जाणवला. शंभूनं कडी घातली. राजश्रीचा चेहरा उजळला होता.

"ऐकू येतंय की त्याला," मी न राहवून पुटपुटलो.

"त्याच्याकडे नका बघू," मॅडम हळूच म्हणाल्या. "तिच्या गुडघ्याकडे बघा."

मी बघितलं. आवाज आला, राजश्रीचा गुडघा जरासा वर झाला, आणि शंभूनं कडी घातली. पुन्हा आवाज. पुन्हा गुडघा.

मॅडम उठल्या, पलीकडे गेल्या. काचेपलीकडचं बोलणं मला ऐकू येत होतं, कारण आतला मायक्रोफोन चालू होता.

"राजश्री, आवाज ऐकून ऐकून तुझेच कान दुखले असतील," त्या म्हणाल्या. "हे घाल. यात गाणी लावलीयेत. तू गाणी ऐक, आम्ही दोघं खेळतो."

त्यांनी राजश्रीच्या कानांवर मोठे हेडफोन चढवले आणि परत येऊन बसल्या. मोठा आवाज सोडला. शंभू खुंटीकडे बघत राहिला. त्याहून मोठा सोडला. शंभूनं कडी तोंडात घातली. मॅडमनी यंत्राची चकती फिरवत फिरवत अशा ठिकाणी नेली की काचेच्या अलीकडेही त्याची थरथर जाणवली. तेव्हा शंभूनं मान वर करून इकडंतिकडं पाहिलं.

राजश्रीच्या कानात गाणी होती, पण तिला मुलाचे हात दिसत होते. ती रडायला लागली.

मॅडमनी आकडे लिहिले, पेन ठेवलं आणि आत गेल्या. तिच्यासमोर स्टूल घेऊन बसल्या. हेडफोन स्वतः काढले.

"मी मुद्दाम न्हाई केलं ओ मॅडम," राजश्री म्हणाली.

"मला माहीत आहे."

"घरात पण असंच करतो आम्ही. सासूबाई आल्या की मी त्याला हात लावून वळवते. त्यांना वाटतं, ऐकलं त्यानं."

"तू त्याला पास करायला बघत होतीस," मॅडम म्हणाल्या. "पण आज तो पास झाला असता ना, तर मी त्याला तसाच घरी पाठवला असता. कानाचं मशीन मिळालं नसतं, शिकवणं सुरू झालं नसतं. आता मला खरं कळलं. आता पुढचं करता येईल. पुस सगळं तोंड. उद्यापासून काम आहे आपल्याला."

माझ्या हातात सातव्या आठवड्याचा कागद होता. बटणांची पानं आणखी वर गेली होती, तेरा, पंधरा, अकरा. मी तो घडी करून खिशात ठेवला, परत काढला. मॅडम येऊन बसल्या आणि त्यांनी हात पुढं केला.

"मॅडम, हे आकडे खोटे आहेत."

"मोजायला चुकलात?"

"नाही. मी बटणांच्या पानांचे मथळे बदलले. त्यामुळं ती वर गेली. बटणांमुळं नाही."

मला वाटलं, आता उठून जायला सांगतील. मला ते सोपं गेलं असतं.

"किती पानांचे?"

"दहाच्या दहा."

"केव्हा?"

"तिसऱ्या आठवड्यात. गुरुवारी."

"म्हणजे पहिले दोन सोमवार खरे?"

"हो."

"काय होतं त्यात?"

"काहीच नव्हतं. फरकच नव्हता."

"मग तेच आणून द्यायचं होतं की, खाडे." त्यांचा आवाज चढला नव्हता. पण त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले तेव्हा त्या एकदम थकलेल्या दिसल्या. "मी मागच्या आठवड्यात चार जणांना फोन करून सांगितलंय. बटणं बसवा म्हणून."

मी मगदूम साहेबांचं नाव घेतलं नाही. घ्यायला हवं होतं की नको, मला अजून कळत नाही. मथळे माझ्याच हातानं बदलले होते.

मग त्यांनी चष्मा परत लावला. "काय मथळे केलेत? दाखवा."

मी मोबाइलवर दाखवले. त्या एकेक वाचत गेल्या. 'हाक मारली तरी बाळ वळून बघत नाही?' इथं थांबल्या.

"हे शब्द कुठं सापडले तुम्हाला?"

"तुमच्या बाकावर. बाहेर आया बोलत होत्या."

"तुम्ही दोन सोमवार बसलात बाहेर," त्या म्हणाल्या, "आणि मी पंचवीस वर्षं आत बसून याच बायकांचं ऐकतेय. आणि लिहिते काय, तर 'श्रवणदोषाचे लवकर निदान'." त्या हसल्या नाहीत. खरोखर चकित झाल्या होत्या. "कोण शोधणार हो ते? ज्या आईला हा शब्द येतो ती माझ्याकडे आधीच आलेली असते."

त्यांनी स्टीलचा डबा पुढं ओढला.

"सगळ्या वीस पानांना असे मथळे द्या. मग नव्यानं चिठ्ठ्या. दहांवर बटणं, दहांवर नाही. पहिल्या सोमवारपासून परत सुरू."

"मीच करू?"

"मग कोण करणार? मला येत नाही."

दुसऱ्या दिवशी मी मगदूम साहेबांना सगळं सांगितलं. ते चिडले नाहीत, निदान मोठ्यानं नाही. "तू चांगला मुलगा आहेस," ते म्हणाले, "पण या धंद्यात तुझं जमणार नाही," आणि महिनाअखेरीला माझी नोकरी संपली. मॅडमचं काम मी घरून करायला लागलो.

सांगलीची सभा आली. मॅडमनी मला बरोबर यायला सांगितलं. मी मागच्या रांगेत बसलो. कार्यक्रमपत्रिकेवर छापलं होतं की श्रीमती मुजावर वेबसाइट आणि शेअर बटणांविषयी आपल्या चाचणीचे निष्कर्ष सांगतील. चाळीस माणसं वह्या उघडून बसली होती.

मॅडम उभ्या राहिल्या. "माझ्याकडे निष्कर्ष नाहीत," त्या म्हणाल्या. "आकडे बिघडले. मधेच मथळे बदलले गेले, त्यामुळं पानं कशानं वर गेली हे आज मला सांगता येत नाही. ज्या चौघांना मी फोन केला होता त्यांची मी माफी मागते. दोन महिने थांबा. खरं काय ते लिहून कळवते."

पुढच्या रांगेतले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "बिघडवले कुणी पण?"

मॅडमनी माझ्या रांगेकडे पाहिलंसुद्धा नाही.

"चाचणी माझी होती," त्या म्हणाल्या. "आणखी काही?"

अर्ध्या तासाचं भाषण तीन मिनिटांत संपलं. त्या खाली बसल्या. चाळीस लोकांसमोर, ज्यांच्यात त्या सगळ्यात मानाच्या होत्या, रिकाम्या हातानं उभं राहणं काय असतं ते मी मागच्या रांगेतून बघितलं. परतीच्या गाडीत मी माफी मागायला तोंड उघडलं तेव्हा त्या म्हणाल्या, "सोमवारचा कागद तयार आहे का?"

तयार होता. पुढचेही सगळे तयार ठेवले. आठ आठवड्यांनी वीसही पानं वर आली होती. बटणांची सरासरी बारावा नंबर. बिनबटणांची अकरावा. फरक जवळजवळ शून्य. उलट बटणांची पानं स्वस्तातल्या मोबाइलवर उघडायला दुप्पट वेळ घ्यायची, कारण त्या रंगीत चौकोनांसाठी बरंच काही उतरवून घ्यावं लागायचं. आणि दहा पानांवरची बटणं आठ आठवड्यांत सगळी मिळून अकरा वेळा दाबली गेली होती. त्यातली सात वेळा मी, चालतात का ते बघायला.

"लोक दाबत का नाहीत?" मॅडमनी विचारलं. त्यांनी दारातून हाक मारली. राजश्री शंभूला रोजच्या शिकवणीला घेऊन आली होती. त्याच्या दोन्ही कानांवर आता मशीन होतं.

"तू आमचं पान वाचलंस ना? मग हे बटण दाबून पुढं का नाही पाठवलंस?"

राजश्रीनं पदर सावरला. "फेसबुकावर सासरची सगळी हाईत, मॅडम. ते दाबलं की माझ्या नावानं सगळ्यांना दिसतंय. शंभूला नावं ठेवतील."

"मग कुणालाच नाही पाठवलंस?"

"पाठवलं की. नणंदेची पोर पण अजून बोलत न्हाई. नणंदेला एकटीला पाठवलं, फोनवर. आणि गावात घरोघरी फिरत्यात त्या आशाताईला कागदावर लिहून दिलं."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. त्या पाठवण्याची मोजदाद कुठल्याच बटणाजवळ होत नव्हती.

"आणि तेलवाल्याचे बारा हजार?" मी म्हणालो, कारण ते मला अजून टोचत होतं. त्या आठ आठवड्यांत मी ते पान नीट तपासलं होतं. ते सात वर्षं जुनं होतं, त्याचा मथळा अगदी लोकांच्या तोंडचा होता, आणि पन्नास-साठ वेबसाइटवरून त्या पानाकडे वाट, म्हणजे लिंक, जात होती. म्हणून ते वर होतं. वर होतं म्हणून लाखो लोकांना दिसत होतं, आणि लाखांतले बारा हजार ते बटण दाबत होते. "आपण उलटं वाचत होतो, मॅडम. शेअर झालं म्हणून ते वर गेलं नाही. वर होतं म्हणून शेअर झालं."

"हे लिहा," त्या म्हणाल्या. "असंच, या शब्दांत."

चाळीस जणांना पाठवायचं ते पत्र मी टाइप केलं. बटणांमुळं नंबर बदलत नाही. बटणं काढून टाका, पान हलकं होईल. मथळे आयांच्या तोंडचे द्या. आणि एकमेकांच्या चांगल्या पानांकडे आपापल्या वेबसाइटवरून वाट द्या. त्यात एक ओळ मॅडमनी स्वतःच्या हातानं घातली होती: 'पहिल्या चाचणीतल्या तिसऱ्या ते सातव्या आठवड्याचे आकडे रद्द केले आहेत. त्यातली चूक चाचणी घेणाऱ्यानं स्वतःहून सांगितली.' खाली सहीच्या जागी दोन नावं होती. वरचं नाव माझं. 'चाचणी: धैर्यशील खाडे.' त्याखाली त्यांचं.

"हे नाव काढा, मॅडम," मी म्हणालो. "लोक विचारतील."

"विचारू देत. तुमची चूक मला कुणी सांगितली? तुम्हीच. ज्यानं एकदा तोंड उघडलंय त्याच्या आकड्यांवर मी डोळे मिटून सही करते." आणि त्यांनी सही केली.

त्या पत्रानंतर मला सहा जणांनी काम दिलं. आज मी त्याच कामावर पोट भरतो, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिल्या दिवशी सांगतो की काय मला ठाऊक आहे आणि काय नाही. मॅडमचं पान वर सरकत गेलं. चाळीसपैकी तीसेक जणांनी त्याकडे वाट दिली, मग नर्सना शिकवणाऱ्या एका संस्थेनं दिली. तेलवालं पान काही गेलं नाही. ते अजून आहे, चौथं-पाचवं असतं.

पत्राला दीड वर्ष होत आलं होतं. मी दवाखान्यात मॅडमचा संगणक बघायला गेलो होतो. बाकावर आजऱ्याकडचं एक तरुण जोडपं बसलं होतं, बाईच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. मॅडमनी केसपेपर हातात घेतला आणि वयाच्या रकान्यावर त्यांचं बोट थांबलं.

"आठ महिने?" त्यांनी विचारलं.

"व्हय," बाप म्हणाला. "भांडं पडलं तरी दचकत न्हाई. हिनं मोबाइलात तसंच विचारलं, तर तुमचं पानच पहिलं आलं."

पंचवीस वर्षांत मॅडमकडे आपणहून आलेली मुलं तीन, चार, कधी सहा वर्षांची असायची. त्यांनी केसपेपर माझ्याकडे केला आणि तो रकाना मला दाखवला, नुसता दाखवला, आणि परत घेतला.

इतक्या लहान बाळाची तपासणी डोक्याला तारा चिकटवून, ते झोपेत असतानाच करता येते. म्हणून त्याला आधी झोपवायचं होतं. आईनं तिथंच बाकावर पाय हलवत त्याला थोपटायला घेतलं. बाहेर पंधरा-वीस माणसं होती, पोरं होती, कुणाचा फोन वाजत होता. मॅडमनी ओठांवर बोट ठेवलं आणि एकेकाला खुणेनं गप्प केलं. फोन बंद झाले. राजश्रीनं शंभूला बाहेर नेलं. पंखाही कुणीतरी मंद केला.

बाप अवघडून उठला आणि मॅडमजवळ येऊन कुजबुजला, "आवाजानं तो उठत न्हाई ओ, मॅडम. म्हणून तर आणलाय."

मॅडमही तितक्याच हळू म्हणाल्या, "ते तपासल्यावर ठरवू."

आणि बाळाचा डोळा लागेपर्यंत आम्ही सगळे गप्प बसून राहिलो.